बेलशेराची हाक

कालवंड्याच्या बंदरातून होडी कशी सुटते ते तुम्ही आज सकाळी पाहिलंत. इंजिन सुरू करण्याआधी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाला, उभा राहतो आणि होडीवरच्या एकेका माणसाचं नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं तो म्हणतो, "आसंय." आसंय म्हणजे आहे, मी इथं आहे. सगळी नावं झाली की तांडेल आणखी एक नाव घेतो. बेलशेर. या नावाचा माणूस कालवंड्यात नाही. मतदार यादीत नाही, देवळाच्या मानकऱ्यांत नाही, कोणाच्या सोयऱ्याधायऱ्यांतही नाही. तरी त्या नावाला उत्तर येतं, आणि उत्तर आलं की नांगर वर घेतात.

पाहुणे हे पाहतात आणि चहाच्या टपरीवर चौकशी करतात, की बेलशेर कोण. टपरीवाला त्यांना माझ्याकडे पाठवतो. मीही तांडेलच होतो. गुडघे गेले तसा धक्क्यावर बसायला लागलो. बसा तुम्हीही, इथं सावली आहे. माझ्या आईच्या चुलत्याकडून मी हे ऐकलं, त्यानं त्याच्या आजाकडून ऐकलं होतं. जिथं दोन तऱ्हांनी सांगतात, तिथं मी दोन्ही सांगेन.

बेलशेर हा फिरंगी. त्याचं खरं नाव बेल्शिओर आरुदा. आमच्या जिभेला ते वळलं नाही, त्याचं बेलशेर झालं. फिरंगाणात, पोर्तुगाल म्हणतात त्या मुलखात, समुद्रकाठच्या एका गावात तो जन्मला. तिथले लोकही आमच्यासारखेच, तारलीसारखी मासळी धरणारे, जाळी विणणारे. मिसरूड फुटायच्या आधीच तो मोठ्या गलबतावर दोऱ्या ओढायला लागला. त्या काळी त्यांच्या राजानं ध्यास घेतला होता, की आफ्रिकेला वळसा घालून समुद्र कुठवर जातो ते पाहायचं. एकेक गलबत आदल्यापेक्षा थोडं पुढं जायचं. कोणी परत यायचं, कोणी नाही.

बेल्शिओर हुशार निघाला. ताऱ्यांवरून वाट काढायला शिकला. शिशाचा गोळा दोरीला बांधून पाण्यात सोडायचा, गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असायची. वर ओढला की चरबीला तळाची वाळू चिकटून यायची. ती वाळू बोटांवर चोळून तो सांगायचा म्हणे, की किनारा किती लांब आहे आणि पुढं खडक आहे की चिखल. पुढं तो मालीम झाला. मालीम म्हणजे गलबताला वाट दाखवणारा. कप्तान हुकूम देतो, पण गलबत कुठून न्यायचं ते मालीमच सांगतो.

एका पहाटे डोलकाठीवरून त्याला एक बेट दिसलं. हिरवंगार, मधोमध डोंगर, डोंगरावर ढग बसलेला. त्याच्या लोकांपैकी कोणीही ते आधी पाहिलं नव्हतं. त्यानं वरून आरोळी दिली. त्यांच्यात रीत अशी, की नवं बेट सापडलं की त्याला नाव द्यायचं. कप्तानानं आपल्या बायकोचं नाव दिलं. बेल्शिओर डोलकाठीवरून खाली उतरला. कप्तानानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "पुढच्या वेळी तुझं." तेव्हापासून तेच त्याच्या मनात बसलं. या जगात कुठंतरी एक बेट, एक नदी, निदान एक खडक तरी आरुदाच्या नावाचा असावा.

त्याच सफरीत पुढं एक गोष्ट घडली. आफ्रिकेच्या किनाऱ्याला पाणी भरायला ते एका आखातात थांबले. खलाशी पिंपं घेऊन उतरले, ओढ्यावर गेले, भरून परत आले. वारा फिरायला लागला तसा कप्तानानं घाईनं नांगर उचलायला लावला. शिडं फुगली, गलबत आखाताच्या तोंडाबाहेर पडलं, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की दोघे मागंच राहिलेत. मानुएल आणि लोपो. ते ओढ्याच्या वरच्या अंगाला गेले होते म्हणे. किनाऱ्यावरून ते धावत होते आणि हाका मारत होते. कप्तानानं मालीमाकडे पाहिलं. बेल्शिओरनं वारा पाहिला, खडक पाहिले आणि सांगितलं, की आता वळलो तर सगळं गलबत जाईल. तो खोटं बोलला नव्हता. कोणत्याही मालीमानं तेच सांगितलं असतं. पण हाका ऐकू येत होत्या तोवर तो मागं वळून पाहत राहिला, आणि नंतरही.

असा हा माणूस फिरत फिरत गोव्यात आला. तिथं त्याला एक लहानसं गलबत मिळालं, स्वतःच्या हुकमातलं पहिलंच. गोव्याच्या वरच्या अंगाच्या खाड्या तपासायच्या, कुठं पाणी खोल आहे, कुठं मोठं जहाज आत शिरेल ते पाहायचं, हे त्याचं काम. आता आमच्या बाजूनं पाहाल तर फिरंग्यांचं गलबत दिसलं की लोक भांडीकुंडी घेऊन रानात पळत. त्यांचा परवाना नसलेल्या होड्या ते जाळत, तोफा डागत. आमच्या गावच्या त्या वेळच्या धाकू तांडेलाची बहीण भागी, तिचा नवरा मालवाहू होडीवर होता. फिरंग्यांचा गोळा लागून ती होडी बुडाली, नवरा परत आला नाही. भागी भावाच्या घरी येऊन राहिली.

बेल्शिओरचं गलबत आमच्या खाडीच्या तोंडाशी आलं ते भर दुपारी. समोर पाहा, ओहोटीला जिथं पाणी पांढरं होतं, तिथं पाण्याखाली खडक आहे. गावच्या माणसाला तो पाठ. बेल्शिओरला कुठून ठाऊक असणार? त्याचा शिशाचा गोळा एका बाजूला पडला, खडक दुसऱ्या बाजूला होता. गलबत अर्ध्यातून फुटलं. बरेच बुडाले. तिघे वाळूवर येऊन पडले. दोघांना खरचटलं होतं, तिसऱ्याचा पाय मांडीपाशी मोडला होता. तो बेल्शिओर.

गाव वाळूवर जमलं. कोणी म्हणालं, राहू दे तसाच, भरती येईल आणि घेऊन जाईल. धाकू तांडेल म्हणाला, "दर्यान वर टाकल्यान, आपण परत कसो ढकलूचो?" पण त्याला ठेवायचं कोणाच्या घरी, यावर कोणी पुढं होईना. तेव्हा भागीनं डोक्यावरची मासळीची टोपली खाली ठेवली आणि त्याचे पाय धरले. डोकं दुसऱ्यानं धरलं. असं त्याला धाकूच्या पडवीत आणून निजवलं म्हणे. ती का पुढं झाली, हे तिनं कधीच कोणाला सांगितलं नाही.

धडधाकट दोघे बरे झाले तसे किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्याकडे चालत गेले. जाताना त्यांनी बेल्शिओरला वचन दिलं, की तुझ्यासाठी गलबत पाठवू. तो पडवीत राहिला. वैद्यानं पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. भागी दोन वेळा पेज आणून ठेवायची, रिकामी वाटी उचलून न्यायची, जखम धुवायची. त्याच्याशी एक शब्द बोलायची नाही. पावसाळा सगळा असाच गेला.

त्याला ताप भरायचा. तापात तो ओरडायचा. बाकीचं कोणाला कळायचं नाही, पण दोन शब्द पुन्हा पुन्हा यायचे, आणि ते भागीच्या कानांत बसले. दिवाळीच्या सुमाराला तो काठी टेकत उठला, आमची बोली मोडकीतोडकी बोलायला लागला, तेव्हा एक दिवस मासे साफ करता करता भागीनं मान वर न करता विचारलं, "मानुएल कोण तुजो? भाव?"

तो दचकला. "नाय. माज्या गलबतावरचो."

"आणि लोपो?"

"तोय."

"खंय आसत ते?"

त्यानं मोडक्या बोलीत सांगितलं. आखात, ओढा, फिरलेला वारा, सगळं. भागी ऐकत होती, तिचे हात चालू होते. त्याचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "निघायच्या आधी कोणी नावां घेतली नाय?"

"नाय."

"नावां घेतली असती तर कळला असता." एवढंच बोलून तिनं माशांची टोपली उचलली आणि आत गेली. तिनं त्याच्याशी केलेलं पहिलं बोलणं ते हे, असं सांगतात.

पाय बरा झाला, पण आखूड राहिला. तो लंगडत लंगडत धाकूच्या होडीवर जायला लागला. त्याला आमच्या जाळ्यांतलं काही समजत नव्हतं, पण वारा आणि पाणी त्याला आमच्यापेक्षा आधी कळायचं. हळूहळू लोकांनी त्याला आपल्यात घेतलं. त्याची एकच खोड होती. होडी कुठंही थांबली, की पुन्हा निघताना तो नांगराच्या दोरीवर पाय देऊन उभा राहायचा आणि एकेकाचं नाव घ्यायचा. उत्तर आल्याखेरीज पाय काढायचा नाही. होडी ती केवढीशी, माणसं डोळ्यांसमोर बसलेली. लोक हसायचे. कोणी मुद्दाम उत्तर द्यायचं नाही. तो शांतपणे पुन्हा हाक मारायचा. एकदा धाकू वैतागून म्हणाला, "अरे, मी तुज्या नाकासमोर बसलंय." तरी त्यानं धाकूचं नाव घेतलंच. शेवटी लोकांना सवय झाली. हाक आली की "आसंय" म्हणायचं आणि कामाला लागायचं. सगळ्यांची नावं झाली की शेवटी कोणीतरी त्याचंही नाव घ्यायचं. बेलशेर. तो म्हणायचा, "आसंय," आणि दोरीवरचा पाय काढायचा.

तो आल्यावर तिसऱ्या वर्षी, वैशाख सरता सरता, बंदराबाहेर फिरंग्यांचं गलबत येऊन उभं राहिलं. गाव रानात पळायला निघालं. पण गलबतावरून एक छोटी होडी उतरली, तिच्यावर पांढरं फडकं होतं. गलबताचा कप्तान तरुण होता. तो वाळूवर उतरला आणि बेलशेराला पाहून त्यानं टोपी काढली. गोव्याला परत गेलेल्या त्या दोघांपैकी एकानं त्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "पूर्वेकडच्या दर्यात सफर निघते आहे. तिकडं आपलं कोणीच गेलेलं नाही. बेटंच बेटं आहेत म्हणतात, आणि कोणत्याच बेटाला आपलं नाव नाही. आमचा मालीम तापानं गेला. त्या कामाला तुझ्यासारखा दुसरा नाही. चल. पहिलं बेट दिसेल त्याला आरुदाचं नाव, माझा शब्द."

बेलशेर वाळूवर बसला. ज्याच्यासाठी उभा जन्म घालवला, ते बंदरात चालून आलं होतं. त्यानं फार विचार केला असं कोणी सांगत नाही. तो पडवीत गेला, आपला लाकडी क्रूस आणि सुरी घेतली. त्या दिवशी धाकू आणि त्याच्या होडीवरची माणसं पाखरबेटावर कालवं काढायला गेली होती, त्यांचा निरोप घेता येणार नव्हता. भागी चुलीपाशी होती. तो दारात उभा राहिला. ती म्हणाली, "जावचा आसात तर जा. वारो बरो नाय, लवकर जा." ती बाहेर आली नाही.

पाखरबेट म्हणजे समोर क्षितिजावर तो काळा ठिपका दिसतो ना, ते. नुसता कातळ, गोडं पाणी नाही, झाड नाही. गलबताची वाट त्याच्या जवळूनच जात होती. दुपार कलली तसा नैर्ऋत्येकडून आभाळाचा रंग बदलला. बेलशेरानं ते आधीच पाहिलं होतं आणि तो शिडं कमी करायला सांगत होता. एवढ्यात त्याला बेटावर हलणारं काहीतरी दिसलं. माणसं होती. डोक्याची फडकी काढून हलवत होती. खाली खडकावर होडीच्या फळ्या लाटांबरोबर आपटत होत्या. धाकूची होडी फुटली होती.

त्यानं कप्तानाला सांगितलं, "छोटी होडी उतरवा. बेटावर माणसं आहेत."

कप्तानानं बेटाकडे पाहिलं आणि आभाळाकडे पाहिलं. "मालीम, तूच सांग. इथं थांबलो तर काय होईल?"

बेलशेर खरं बोलला. "थांबलात तर वारा तुम्हाला खडकावर नेईल."

"मग?"

"तुम्ही थांबू नका. मला होडी द्या."

"तू उतरलास तर मी परत येऊ शकणार नाही. पावसाळा तोंडावर आहे. पावसात वाळूनं गोव्याच्या नदीचं तोंड बंद व्हायच्या आत मला पोचायचं आहे. सफर तुझ्यासाठी थांबणार नाही."

"माहीत आहे," बेलशेर म्हणाला.

कप्तान वाईट माणूस नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्याच्या गलबतावरही आयाबहिणींची पोरं होती. त्यानं होडी उतरवली, तिच्यात पाण्याचं एक पिंप ठेवायला लावलं, आणि बेलशेराला मिठी मारली. मग शिडं फिरवून तो निघून गेला.

लंगड्या पायाचा एकटा माणूस, अंगावर येणाऱ्या लाटा, दोन वल्ही. तो कसा पोचला ते देव जाणे. काही म्हणतात, त्याच्या देवानं नेला. काही म्हणतात, आमच्या रवळनाथानं नेला. बेटाच्या आडोशाच्या अंगाला त्यानं होडी लावली. माणसं धावत आली आणि होडीत चढली. लाटा वाढत होत्या, कोणीतरी ओरडलं, "ढकल, ढकल." बेलशेर दोरीवर पाय देऊन उभा राहिला आणि नावं घ्यायला लागला.

धाकूच्या नावाला उत्तर आलं नाही.

"धाकू गेलो," एकजण म्हणाला. "होडी फुटली तेव्हा तो होडीत होतो."

"जाताना कोणी बघल्यान?"

कोणी पाहिलं नव्हतं. होडी पलीकडच्या अंगाला फुटली होती, तिकडं जायची कोणाची छाती झाली नव्हती. लोक त्याला विनवायला लागले, की एकासाठी सगळे मरू. बेलशेरानं दोरी त्यांतल्या जाणत्या माणसाच्या हातात दिली. "मी येयपर्यंत धर," म्हणाला, "नायतर जा. मी राग धरूचंय नाय." आणि तो कातळावर चढला.

पलीकडच्या अंगाला लाटा माथ्यापर्यंत उडत होत्या. तो खडकाला धरून सरकत होता आणि हाक मारत होता. धाकू. धाकू. वाऱ्यापुढं त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. तो पुढं सरकला, पुन्हा हाक मारली. मग एका भेगेतून, लाट ओसरली त्या क्षणाला, अगदी बारीक आवाज आला. "आसंय."

धाकू भेगेत अडकला होता. खांदा निखळला होता, पाणी छातीपर्यंत येऊन जात होतं. बेलशेरानं त्याला कमरेच्या फडक्यानं बांधून वर ओढलं. दोघे सरपटत परत आले, तेव्हा होडी तिथंच होती. ज्याच्या हातात दोरी दिली होती त्याच्या तळव्यांची सालटं गेली होती, पण त्यानं दोरी सोडली नव्हती.

बेलशेरानं पुन्हा पहिल्यापासून सगळी नावं घेतली. सगळ्यांनी उत्तर दिलं. शेवटी धाकूनं, दात आवळून, बेलशेराचं नाव घेतलं.

त्या वादळातून एवढ्याशा होडीत एवढी माणसं त्यानं कशी आणली, हे आमच्या गावात अजून वाद घालून सांगतात. कोणी म्हणतं तो लाटेच्या पाठीवर होडी ठेवत आला, कोणी म्हणतं वाऱ्याला तिरपा आला. संध्याकाळी होडी वाळूला लागली तेव्हा सगळं गाव पाण्यात उभं होतं. भागीनं आधी भावाला पाहिलं. मग बेलशेराला पाहिलं. गलबत गेलेलं सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"तू कित्याक परत इलंस?" तिनं विचारलं.

त्याला दम लागला होता. तो म्हणाला, "नावां पुरी झाली नाय."

नंतर कोणतंही गलबत त्याच्यासाठी आलं नाही. तो बुडाला असं कप्तानानं गोव्यात सांगितलं असावं, आणि त्याची चूक म्हणता येत नाही. बेलशेर कालवंड्यातच राहिला. भागीशी त्याचं लग्न झालं असं काही सांगतात, काही म्हणतात झालं नाही. जेवणाचं पान मात्र तो तिच्याच घरी वाढून घ्यायचा, आणि पुढं तिच्या म्हातारपणी पाणी तोच भरायचा, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

त्याला दुःख नव्हतं असं मी सांगणार नाही. ओहोटीच्या ओल्या वाळूवर तो काठीनं रेघा ओढायचा. हा आफ्रिकेचा किनारा, हे ते आखात, हे ढग बसलेलं बेट. गावातले लोक भोवती बसून पाहायचे आणि विचारायचे, की ह्याच्या पलीकडं काय. तो काठी पूर्वेकडे नेऊन थांबायचा आणि म्हणायचा, "थंय मी गेलंय नाय." मग भरती यायची. एकदा तो धाकूला म्हणाला म्हणे, की ते बेट आता कोणाला तरी सापडलं असेल, आणि त्याला दुसऱ्या कोणाचं नाव असेल. धाकू नुसता त्याच्याजवळ बसून राहिला.

त्या वादळानंतर मात्र नावं घ्यायच्या रीतीला कोणी हसलं नाही. ज्या होडीवर बेलशेर नसे, तिच्यावरही तांडेल नावं घ्यायला लागले. आणि कोणत्याही होडीवर, बेलशेर धक्क्यावर बसलेला असला तरी, शेवटी त्याचं नाव घ्यायचे. तो धक्क्यावरून उत्तर द्यायचा. म्हातारा झाल्यावर त्याचं रोजचं काम तेवढंच उरलं होतं. पहाटे काठी टेकत यायचा, सगळ्या होड्यांना उत्तर द्यायचा आणि घरी जायचा.

त्याच्या शेवटच्या वर्षी काठेवाडाकडचं एक गलबत आमच्या किनाऱ्याला फुटलं. त्यातला रणमल नावाचा एक खारवी, म्हणजे तिकडचा दर्यावर्दी, वाचला. त्याला आमची बोली येत नव्हती, घर फार लांब, अंगावर धड कपडा नाही. बेलशेरानं त्याला आपल्या पडवीत ठेवून घेतलं. स्वतःला नीट उठवत नव्हतं, पण त्याला एकेक शब्द शिकवायचा. पहिला शब्द त्यानं शिकवला तो हाकेला द्यायच्या उत्तराचा.

पौष महिन्यात बेलशेर गेला. अंथरुणावर, कढत पेज पिऊन झाल्यावर, काही त्रास न होता. त्याच्या धर्माचा कोणी पाद्री जवळपास नव्हता. जाळायचा की पुरायचा, आणि कोणाच्या जागेत, यावर गावात कुजबुज झाली. रवळनाथाचा गुरव म्हणाला, की त्यानं सांगून ठेवलंय त्याप्रमाणं करा. त्यानं सांगून ठेवलं होतं, सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर पुरा, समुद्र दिसेल असा. तसं केलं. लाकडी क्रूस भागीनं त्याच्या हातात दिला. त्याच्या देवाचं काय म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं त्याचं नाव तेवढं घेतलं, आणि मानुएल आणि लोपोचंही.

सुतकाचे दिवस संपले आणि होड्या निघाल्या. धाकू तेव्हा पार म्हातारा झाला होता, तरी त्या पहाटे मुद्दाम होडीवर आला. रणमलही होडीवर होता, त्याची ती पहिलीच खेप. धाकूनं नावं घेतली. एकेकानं उत्तर दिलं. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं शेवटचं नाव त्याच्या तोंडून निघून गेलं.

"बेलशेर."

धक्क्यावर कोणी नव्हतं. होडीवर सगळ्यांनी खाली पाहिलं. धाकूचा पाय दोरीवर होता. उत्तर आल्याखेरीज तो काढायचा नाही, ही रीत. ती मोडावी तर कशी, आणि उत्तर तरी कोण देणार? मेलेल्याच्या नावाला उत्तर द्यायचं कोणाच्यानं होईना. इतर होड्याही थांबल्या होत्या. ओहोटीचं पाणी सुटत चाललं होतं. धाकू तसाच उभा राहिला. लोक सांगतात, तो रडत नव्हता. तो ऐकत होता.

तेव्हा मागच्या अंगाला बसलेला रणमल उभा राहिला. त्याला चार शब्द येत होते. त्यांतला पहिला तो बोलला. "आसंय."

धाकूनं मागं वळून त्याच्याकडे पाहिलं, कितीतरी वेळ. मग दोरीवरचा पाय काढला.

तेव्हापासून रीत पडली, की बेलशेराच्या नावाला होडीवरच्या त्या माणसानं उत्तर द्यायचं ज्याचं घर सगळ्यांत लांब आहे. पूर्वी काठेवाडचे, मलबारचे असायचे. कधी घाटावरचा कोणी पोटापाण्याला आलेला असायचा. परगावचं कोणीच नसलं, तर खाडीपलीकडच्या वाडीतला माणूस उत्तर देतो.

आता होड्यांना इंजिनं आहेत, बर्फाच्या पेट्या आहेत, वाट दाखवायला यंत्र आहे. तांडेलाच्या खिशात मोबाइल असतो. गावची मुलं मुंबईला, पुण्याला जातात आणि होड्यांवर खलाशी येतात ते ओडिशाचे, झारखंडचे, नेपाळचे. आज सकाळी तुम्ही ज्याचा आवाज ऐकलात तो नेपाळातल्या कुठल्याशा डोंगरातला आहे, बसमधून उतरल्यावरही त्याच्या घरी दिवसभर चालावं लागतं म्हणतो. गेल्या महिन्यापर्यंत त्यानं समुद्र पाहिला नव्हता. होडीवर चढला त्या दिवशी त्याला जाळं धरायच्या आधी हा एक शब्द शिकवला. तो कोणाच्या वतीनं बोलतो, हे त्यानं अजून विचारलेलं नाही. विचारील तेव्हा सांगू.

आजही कालवंड्यात असंच चालतं. शेवटचं नाव घेतलं की तांडेल थांबतो, सगळी होडी त्या परमुलखातल्या पोराकडे बघते, आणि तो "आसंय" म्हणेपर्यंत इंजिनाला कोणी हात लावत नाही.